दोन्ही पक्षांचे दद्दा

झाशीच्या इलाइट चौराह्याजवळ नाल्याच्या तोंडाशी इस्त्रीच्या शर्टातला एखादा गृहस्थ उकिडवा बसून, दोरी बांधलेली बाटली आत सोडताना दिसला, तर तो नगर निगमचा माणूस समजून त्याच्यापुढे तक्रारी मांडू नयेत. ते आमचे दद्दा. घराणं मराठी, नेवाळकरांच्या अमदानीत इकडे आलेलं. त्यामुळे घरी मराठी, चौकात बुंदेली आणि नाल्यापाशी लॅटिन, अशी त्यांची भाषेची वाटणी आहे.

पाणी जितकं घाण तितका दद्दांचा चेहरा उजळतो. जिथे जिवाणू तिथे त्यांना फस्त करणारे विषाणू, म्हणजे फेज. एका जिवाणूमागे सुमारे दहा, असा ढोबळ हिशेब आहे. या दोघांचं हाडवैर पिढ्यान्‌पिढ्या कसं बदलत जातं, हा दद्दांचा विषय. खाणंपिणं नीट मिळालं तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुभंगतो. दद्दा दुपारी जरा आडवे होऊन उठतात, तोवर त्यांच्या चंबूत पणतू आलेले असतात.

या भांडणात ते कुणाच्या बाजूनं, हे त्यांच्या पत्नीलाही अजून कळलेलं नाही. 2012मध्ये मिशिगनमधल्या जस्टिन मेयर आणि रिचर्ड लेन्स्की यांच्या गटानं एक प्रयोग प्रसिद्ध केला. लॅम्डा फेज ज्या दारानं ई. कोलायमध्ये शिरतो, ते दार जिवाणूंनी लावत आणलं, तेव्हा दद्दा म्हणणार, "शाब्बास!" पुढे 96पैकी 24 चंबूंमध्ये फेजनं चार बदल जमवून दुसऱ्याच दारानं प्रवेश केला. तिथेही "शाब्बास!", आणि आवाज तेवढाच मोठा. "मग जिंकलं कोण?" असं विचारलं की दुखावतात. "सामना चालू आहे," म्हणतात.

मोहल्ल्याची अपेक्षा साधी असते. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू फेज मारतात, हे पेपरात आलेलं आहे. जॉर्जियात तर ही चिकित्सा शंभरेक वर्षांपासून आहे. "दद्दा, दवाई कब आ रही है?" दद्दा समजावतात, की फेज भारी चोखंदळ असतो, आपला जिवाणू सोडून दुसऱ्याला शिवत नाही. शिवाय औषध आलं तरी जिवाणू त्यावर तोड काढेलच. हे सांगताना त्यांना इतका आनंद होतो, की रोगी मुकाट्यानं मेडिकलच्या दुकानाकडे वळतो. डॉक्टर झाले नाहीत हे बरंच झालं म्हणायचं.

मे महिना मात्र त्यांना पक्षपाती करतो. जिवाणूंना हवं 37 अंश. झाशीत बाहेरच 45. इन्क्युबेटरला तापवता येतं, थंड करता येत नाही. मग त्याचं दार उघडं टाकून समोर कूलर लावतात. स्वतः दद्दा घामानं निथळत बाजूला. वीज गेली की धावतात ते डीप फ्रीझरकडे, कारण तिथे जुन्या पिढ्या गोठवून ठेवलेल्या असतात. सवडीनं त्या जाग्या करून आजच्या फेजशी खापरपणजोबांना भिडवायचं, कालच्या फेजशी आजच्या नातवाला. "घरातली भांडणं कमी पडतात का?" हा वहिनींचा प्रश्न अनुत्तरित आहे.

एकच जखम जुनी आहे. 1896मध्ये हँकिन नावाच्या इंग्रजानं नोंदवलं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू भराभर मरतात, आणि पाणी उकळलं की हा गुण जातो. हा फेजचाच प्रताप असावा, असं पुष्कळजण मानतात. हँकिन आग्र्याला होता. बेतवा यमुनेला मिळते, म्हणून या शोधात बेतवेचाही वाटा, असं दद्दा वर्षानुवर्षं सांगत आले. मग शेजारच्या नववीतल्या पोरीनं नकाशा पुढे केला. बेतवा मिळते हमीरपूरला. आग्रा राहिलं वरच्या अंगाला. तेव्हापासून हँकिनचं नाव निघालं की दद्दा चहा मागवतात.

चहा इलाइटवरच. तिथे बॅरिकेड लागलं आणि दुसऱ्या दिवसापासून ऑटोवाले उलट्या बाजूनं शिरू लागले. लोक शिव्या देत होते. दद्दा टपरीवर वही उघडून बसले. त्यांना लुरिया आणि डेलब्रुक यांचा 1943चा प्रयोग आठवला होता. फेजच्या हल्ल्यातून वाचणारा जिवाणू हल्ला झाल्यावर बदलतो, की तसा एखादा आधीच जन्मलेला असतो? लुरियाला याची युक्ती सुचली ती पार्टीत, जुगाराच्या यंत्रापाशी खेळणाऱ्या सहकाऱ्याला बघताना. डेलब्रुकनं गणित मांडलं. पुष्कळ नळ्यांत एकच जिवाणू वेगवेगळा वाढवून प्रत्येकावर फेज सोडला. हल्ल्यानंतर बदलत असते, तर सगळीकडे साधारण सारखेच वाचले असते. प्रत्यक्षात कुठे एकही नाही, कुठे शेकड्यानं. म्हणजे बदल आधीचाच; लवकर झाला तिथे वंश फोफावलेला.

"तसंच हे," दद्दांनी चौकातल्या हवालदाराला ऐकवलं. "उलटे जाणारे आधीपासून होते. तुमच्या बॅरिकेडनं फक्त निवडून दाखवले." रोज ऐकवलं. हवालदाराला पाठ झालं.

मग एके सकाळी दद्दा स्कूटरवर, डिकीत नाल्याच्या दोन बाटल्या, उशीर झालेला, आणि सरळ वाटेनं फार मोठा वळसा. दद्दा उलट्या बाजूनं शिरले. शिट्टी वाजली. हवालदारानं चालानाची पावती काढली, पेन उघडलं आणि अदबीनं विचारलं, "दद्दा, ये आदत पहले से थी, कि बैरिकेड देख के आई?"

"पहले से!" दद्दा अभिमानानं म्हणाले, आणि सुटे पैसे शोधू लागले.