बाटलीचे सोवळे

अमेरिकेत छोट्या बीअरभट्ट्यांचे पेव फुटले, तेव्हा बाटली हे कुलीनतेचे लक्षण ठरले. कॅन म्हणजे मोठ्या कारखान्यातली, मॅच बघताना ढोसायची स्वस्त बीअर. बॉस्टनच्या सॅम्युअल ॲडम्स बीअरवाल्या जिम कुक यांनी तर 2005 मध्ये बीअर पिणाऱ्यांच्या हक्कांची सनदच काढली. त्यात एक कलम असे, की बीअर बाटलीतच मिळावी, कॅनमध्ये नको. धातूची चव लागते.

त्याआधीच, 2002 मध्ये, कोलोरॅडोतल्या लायन्स या चिमुकल्या गावात ऑस्कर ब्लूज या बीअरभट्टीने हा धर्म बुडवला होता. टेबलावरच्या यंत्रावर कॅन भरायचे, तेही हाताने! जाणकार हसले. आता गंमत पाहा. कॅनला आतून पातळ लेप असतो, त्यामुळे बीअर धातूला शिवतच नाही. बाटलीत मात्र काचेतून उजेड शिरला की हॉप्स या फुलांमधली कडू द्रव्ये विघटित होतात आणि बीअरला स्कंक नावाच्या प्राण्यासारखी दुर्गंधी सुटते. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते; हिरवी आणि पारदर्शक काच नुसती मिरवायला.

2013 मध्ये सॅम्युअल ॲडम्सही कॅनमध्ये अवतरली. पण याला घूमजाव कसे म्हणणार? म्हणून खास रुंद झाकणाचा, वेगळ्या घडणीचा कॅन आला आणि त्याच्या संशोधनाची कहाणीही आली. सनदेतल्या त्या कलमाचे काय झाले, हे मात्र विचारू नये. तत्त्वांवरही ‘बेस्ट बिफोर’ची तारीख असते, फक्त ती बारीक अक्षरात छापतात.