समासातल्या महोदयांस खुले पत्र

श्रीमान समासलेखक महोदय,
मुक्काम फैजपूर, तालुका यावल.



पत्रास कारण की, आपले नाव मला ठाऊक नाही, अक्षर मात्र आता चारचौघांत ओळखीन. वाचनालयातून कोणतीही कादंबरी घरी आणावी, तर आपण आधीच येऊन समासात बसलेले असता. पाय धुवून घेण्याची वाटही पाहत नाही.

आपल्या गावाला बोलण्याची थोर परंपरा आहे. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये इथेच झाले. पंडित नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोसांनी अधिवेशनाचे टिळकनगर बांबू-चटयांनी सजवले होते. त्या मांडवात आपल्या आजोबांना बोलू दिले नसावे. तो अनुशेष आपण कादंबऱ्यांच्या कडेने भरून काढत आहात, याबद्दल गाव आपले ऋणी आहे.

पहिले आभार अर्थातच रहस्यकथांचे. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले. त्यातला चौथा असा, की वाचकाचा वेळ वाचवावा. ग्रंथपालांनी तो परीक्षेपुरता पाठ केला, आपण अंगी बाणवलात. परवा आणलेल्या पुस्तकात अकराव्या पानावर एक डॉक्टर येतो आणि चहा मागतो, बस. आपण त्याच्या नावाखाली दोन रेघा ओढून शेजारी लिहिले आहे : ‘हाच तो.’ पुढच्या दोनशे पानांचे माझे श्रम वाचले. डॉक्टरचा चहा यायच्या आत मी पुस्तक मिटले.

लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ साली सुरू झाले. खुनी कोण ते बाहेर कोणाला सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना खेळ संपल्यावर करतात आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक ती पाळतात. आपली वारी अजून भुसावळ स्टेशनाच्या पुढे गेलेली दिसत नाही, हे त्या नाटक कंपनीचे भाग्य.

पण खरी दाद मला आपल्या दुसऱ्या कामगिरीला द्यायची आहे. एका पुस्तकात आपण पुतण्याला धरलेत. ‘खुनी हाच, मला विसाव्या पानावर कळले’ असा शेरा. आपल्यावर विश्वास ठेवून मी त्या पोराचे सारे बोलणे-चालणे संशयाने वाचले. त्याने मावशीला औषध दिले तेव्हा तर मी तिला मनातल्या मनात आवाजही दिला. शेवटच्या प्रकरणात लेखकाने पुतण्याला निर्दोष सोडले आणि मुनीमजींना बेड्या घातल्या. आपण खाली शांतपणे लिहिले होते : ‘लेखक चुकला.’ एवढा आत्मविश्वास असलेला माणूस गावात असताना निवडणुकीला बाहेरचा उमेदवार का लागतो, मला कळत नाही.

आपला ठावठिकाणा शोधायचा थोडा प्रयत्न केला, त्याची क्षमा असावी. पेन्सिल मऊ शिसाची, दुकानदार कानावर ठेवतात तसली. पानांच्या उजव्या कोपऱ्यात अंगठ्याचा डाग, कडेला काळपट, मध्ये तपकिरी. केळीच्या चिकाचा. तो सदऱ्यावरून साबणानेही निघत नाही, तर कागदावरून काय निघणार! म्हणजे आपला केळीच्या बागेत वावर आहे. आता रावेर-यावल पट्ट्यात हा पुरावा घेऊन कोणालाही धरता येईल, म्हणून तपास तिथेच थांबवला. बाबुराव अर्नाळकरांच्या धनंजयानेही फैजपुरात येऊन हात टेकले असते.

अर्नाळकरांवरून आठवले. त्यांनी हजारावर पुस्तके लिहिली. धनंजय, झुंजार, काळा पहाड यांच्यासाठी लोक रांगा लावत. थोर समीक्षकांनी मात्र या साऱ्याकडे नाक मुरडले. नारायण धारपांचेही तेच. २०१८ साली ‘तुंबाड’ पडद्यावर आला, त्याच्यामागे त्यांच्या कथेची प्रेरणा आहे असे कळले, तेव्हा अनेक विद्वानांना ते एकदम आवडू लागले. सांगायचा मुद्दा, लोकांनी आवडीने वाचलेल्या कादंबरीला ओळ न्‌ ओळ वाचून मत देणारा टीकाकार क्वचितच मिळाला. आम्हाला मिळालात ते आपण.

भयकथांच्या बाबतीत आपण विशेष कनवाळू आहात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात. वीज गेलेली, गच्चीवर अंथरूण, हाताशी बॅटरी आणि हृषीकेश गुप्ते यांची ‘हाकामारी’. वाचकाने आणखी काय मागावे? बाहेरून कोणी नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही, हे आम्ही आजीकडून ऐकलेलेच होते. अंगावर काटा येणार, एवढ्यात समासात आपण : ‘मला भीती वाटली नाही.’ चार पानांनी पुन्हा : ‘अजून नाही.’ नंतर : ‘अजूनही नाही.’ महोदय, भुताने दम तरी किती वेळा घ्यावा?

ऐतिहासिक कादंबऱ्यांवर तर आपले अनंत उपकार. शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ची. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्यावर हिंदी सिनेमा आला आणि वाचनालयात त्या जाडजूड पुस्तकाला नंबर लागले. आनंदाचीच गोष्ट. नंबर आधी आपला लागला. आपण तांबडे पेन घेऊन कादंबरी सिनेमावरून तपासलीत. जागोजागी ‘पिक्चरमध्ये हे नाही’, ‘इथे गाणे हवे’. एके ठिकाणी नुसताच ‘चूक’. पंचेचाळीसहून अधिक वर्षांपूर्वी लिहिताना सावंतांनी तिकीट काढून यायला हवे होते, हे खरेच.

‘दुनियादारी’चीही आपण अशीच डागडुजी केली आहे. सुहास शिरवळकर २००३ साली गेले, सिनेमा आला २०१३ साली. त्यामुळे आपल्या सूचनांप्रमाणे बदल करणे त्यांना जमले नाही. राग मानू नये.

विज्ञानकथेत आपण जयंत नारळीकरांना ‘असे होत नाही’ असे सुनावले आहे. ते केंब्रिजचे रँग्लर. आपण त्यांना हलक्या हाताने सुधारलेत, याचे कौतुक वाटले. निनावी लिहिण्याचे तेवढे आपले जुळते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी आपली कथा दुसऱ्याच नावाने पाठवली होती. फरक इतकाच, की ती कथा त्यांची स्वतःची होती.

प्रेमकथांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण इथे आपण मोजकेच बोलता आणि गिरवता जास्त. आपल्याला जो मजकूर अश्लील वाटला त्यावर आपण काळी शाई फिरवली आहे. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ अश्लील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली ठरवले. आपले खंडपीठ त्याच्या वरचे असावे. एवढेच विचारायचे, की नेमक्या त्याच पानांचे कोपरे दुमडलेले का आहेत आणि तीच पाने इतकी मळली कशी? निकाल देण्यापूर्वी पुराव्याची फेरतपासणी बरीच झालेली दिसते.

आता आपल्या घरच्या माणसाकडे येऊ. भालचंद्र नेमाडे आपल्याच यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यांची ‘कोसला’ १९६३ची. पुण्यात ती वाचून पोरांना तिचा नायक पांडुरंग सांगवीकर आपल्यातला वाटला. इथे मात्र पांडुरंगाखेरीज सगळे आपल्यातले निघाले. आपण पात्रागणिक समासात गावातल्या खऱ्या माणसाचे नाव टाकले आहे, काहींच्या पुढे नातेही. ‘हा आमच्या आत्याचा दीर.’ ‘हिची सून अजून तशीच.’ ती प्रत आता कुलपाच्या कपाटात आहे. नेमाड्यांना समीक्षेच्या पुस्तकासाठी साहित्य अकादमी मिळाली, ते ‘टीकास्वयंवर’ त्यांनी स्वतःच्या कागदावर मांडले होते. आपण दुसऱ्याच्या मांडवात मुंडावळ्या बांधून उभे.

सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा राज्यात १९६७ सालचा. त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग मिळतो आणि वर्गाप्रमाणे अनुदान. त्यात पुस्तके घ्यायची, वर्तमानपत्रांची बिले भागवायची, सेवकाचा पगार द्यायचा. नवी कादंबरी आली, की तिला वेष्टन घालतात, शिक्का मारतात, दाखलअंक टाकतात. इतके सोपस्कार झालेली नवरी पहिल्यांदा आपल्या हाती पडते. मागच्यांच्या वाट्याला येते ते आपले मत, आणि त्याच्या फटीतून दिसेल तेवढी गोष्ट.

गंमत सांगू? सगळीकडे असे नाही. देविदास सौदागर यांची ‘उसवण’ मी मुद्दाम उशिरा नेली, आपण उरकली असेल तोवर, म्हणून. लेखकाने स्वतः शिलाईकाम केलेले. तयार कपड्यांनी धंदा बसलेल्या शिंप्याची गोष्ट. तिला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. मी सवयीने रबर घेऊन बसलो. पाने कोरी. निम्म्याच्या पुढे एकच ओळ, अगदी बारीक : ‘माझ्या बापाचे असेच झाले.’ रबर चालवला नाही. आपला राग यायला हवा होता, तो आला नाही, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

तर भाऊ, आता महोदय पुरे. तुला वाचता येते, हे कळून चुकले आहे. कोणती गोष्ट खरी आणि कोणती ओढून आणलेली, हे तुला पेठेतल्या बऱ्याच मास्तरांपेक्षा लवकर कळते. ‘तिसऱ्या खुनानंतर लेखक कंटाळला आहे’ हा तुझा शेरा मी चार जणांना सांगितला, चौघांना पटला. पण ती गोष्ट मला आधी वाचू दे ना! कंटाळलेल्या लेखकाबरोबर कंटाळायचा माझाही हक्क आहे. वर्गणी मीही भरतो.

वाचनालयाच्या टेबलावर एक अभिप्राय वही आहे, तू पाहिलीच असशील. तिच्यात पाहुण्यांचे आणि तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरे आहेत, ‘भेट दिली, समाधान वाटले’ या धर्तीचे. पुस्तकाबद्दल एक अक्षर कोणी लिहिलेले नाही. तिथे लिही. पुस्तकाचे नाव वर, मत खाली. खुन्याचे नाव घालायचेच असेल तर पान दुमडून आत घाल, दुमडण्याचा तुला सराव आहे. अर्नाळकर, धारप, शिरवळकर, गुप्ते, सगळ्यांवर लिही. आम्ही वाचू, भांडू, खाली उत्तरे देऊ. फक्त सही कर. नाव टाकायची लाज वाटेल असे तू फारसे लिहिलेले नाहीस, त्या काळ्या शाईची पाने सोडली तर.

कळावे, लोभ असावा, पेन्सिल नसावी ही विनंती.

आपला नम्र,
आपल्यामागून तेच पुस्तक नेणारा सभासद

ता. क. नेमाड्यांची ‘हिंदू’ सध्या माझ्याकडे आहे. मुदतीच्या आत परत करीन. त्यानंतर ती ज्यांच्याकडे जाईल त्या सभासदांनी पहिल्या काही पानांवर कोणाच्या आत्याचा दीर निघाला तर ग्रंथपालांना कळवावे.