हॉकर सेंटरमधील आसनग्रहण, पेययाचना आणि ताटपरावर्तन

सिंगापूर हे नगरराष्ट्र आपल्या लिखित नियमांसाठी जगप्रसिद्ध असून, तेथे १९९२ पासून च्युइंगगमच्या आयातीवर बंदी आहे आणि मेट्रोत कोणी काही खाल्ले वा प्यायले तर ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे तिकडे निघालेला मराठी प्रवासी बहुधा दंडांची यादी पाठ करूनच विमानात चढतो. ही तयारी व्यर्थ नसली तरी अपुरी आहे, कारण या शहरात खाण्यापिण्याचे जे खरे नियम आहेत ते कोणत्याही पाटीवर लिहिलेले नाहीत, त्यांच्या भंगाबद्दल कोणी पावती फाडत नाही आणि तरीही त्यांचे पालन लिखित नियमांपेक्षा अधिक कसोशीने होते. प्रस्तुत प्रकरणाचा विषय हा अलिखित आचारधर्म होय. हॉटेलात न्याहारी फुकट मिळत असूनही जो ती सोडण्यास सिद्ध झाला आहे आणि बॅगेतील दशम्या व भडंग ज्याने परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवले आहेत, तोच या विषयाचा अधिकारी समजावा.

प्रथम मूळ संज्ञेचा उलगडा आवश्यक आहे. ‘हॉकर’ म्हणजे फेरीवाला. परंतु सिंगापूरच्या हॉकरने फेरी मारणे केव्हाच सोडले आहे. १९६८-६९ मध्ये तेथील रस्त्यांवरच्या विक्रेत्यांची बेटभर नोंदणी झाली, १९७१ पासून त्यांच्यासाठी नळ, वीज, गटार आणि छप्पर यांनी युक्त अशी केंद्रे बांधण्यास प्रारंभ झाला आणि १९८६ पर्यंत रस्त्यावरचे विक्रेते क्रमांकाच्या गाळ्यांत स्थिरावले. ‘फेरीवाला धोरण’ हा शब्दप्रयोग ज्याने वर्तमानपत्रात आयुष्यभर केवळ भविष्यकाळात वाचला आहे, अशा मुंबईकर वाचकाने मागील वाक्य पुन्हा एकदा वाचण्यास हरकत नाही. आज अशी शंभराहून अधिक हॉकर सेंटरे असून, युनेस्कोने डिसेंबर २०२० मध्ये या खाद्यसंस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले आहे. सारांश, येथे रस्त्यावरचे खाणे शोधणाऱ्यास खाणे मुबलक मिळते, रस्ता मात्र मिळत नाही.

नवख्या अभ्यासकाचा पहिला प्रमाद म्हणजे आधी अन्न घेणे. भर दुपारी, विशेषतः कचेऱ्यांच्या परिसरात, उकळत्या रश्श्याचा वाडगा दोन्ही हातांत धरून रिकाम्या खुर्चीच्या शोधात प्रदक्षिणा घालणारा मनुष्य हा हमखास परदेशी असतो, आणि त्याच्याकडे पाहून स्थानिक लोक मनोमन हळहळत असले तरी जेवणे थांबवत नाहीत. म्हणून आधी आसन, मग अन्न, हा क्रम अढळ मानावा. आसन आरक्षित करण्याच्या क्रियेस तेथे ‘चोप’ म्हणतात आणि तिचे मुख्य साधन म्हणजे कागदी रुमालांचे छोटे पाकीट, जे टेबलावर ठेवले असता ती जागा ठेवणाऱ्याची होते. एसटीच्या खिडकीतून आत टाकलेल्या रुमालाच्या तत्त्वावर वाढलेल्या वाचकास हा सिद्धांत नवा नाही. भेद एवढाच की एसटीतील रुमालावर वाद घालता येतो, कंडक्टरकडे दाद मागता येते, प्रसंगी रुमालच उचलून मागच्या बाकावर टाकता येतो, तर पाकिटाच्या निर्णयावर कोठेही अपील चालत नाही. पाकिटाखेरीज छत्री, पाण्याची बाटली आणि कंपनीचे ओळखपत्र हीही साधने मान्य असून, त्यांपैकी ओळखपत्राचा प्रयोग भारतीय अभ्यासकाने काही काळ केवळ दुरून पाहावा. हॉकर सेंटरमध्ये हात पुसण्यास कागद सहसा मिळत नसल्यामुळे आणि अशी पाकिटे विकणारे वृद्ध विक्रेते टेबलाटेबलांमधून फिरत असल्यामुळे, ही छोटीशी खरेदी प्रथम सातबाऱ्याचे आणि नंतर हातरुमालाचे काम करते. एकट्याने चौघांचे टेबल अडवणे अशिष्ट आहे. समोर अनोळखी मनुष्य येऊन बसल्यास त्याने बसण्यापूर्वी जागेकडे बोट दाखवून भुवई उंचावली असेल, तर रीतसर परवानगी घेतली गेली असे समजावे.

गाळ्याची निवड हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय होऊ शकेल, तथापि येथे एकच सूत्र पुरे आहे: रांग दिसताच तीत उभे राहावे आणि ती कशाची आहे याची चौकशी त्यानंतर करावी. २०१६ मध्ये सिंगापूरसाठी मिशेलिनची पहिली मार्गदर्शिका निघाली तेव्हा तारा मिळवणाऱ्यांत दोन हॉकर गाळे होते, त्यांपैकी एकावर सोया सॉसमधील कोंबडी आणि दुसऱ्यावर डुकराच्या मांसाचे नूडल मिळत. त्यामुळे आधीच लांब असलेल्या रांगा आणखी लांबल्या, आणि ज्ञानप्राप्तीसाठी किती वेळ उभे राहावे हा प्रश्न गुडघ्यांशी संबंधित झाला. गाळ्यांवर स्वच्छतेची श्रेणी इंग्रजी अक्षरात टांगण्याची पद्धत दीर्घकाळ होती, आणि ‘ए’पेक्षा ‘सी’ श्रेणीच्या गाळ्यावर चव अधिक असते असा एक लोकसिद्धांत तिच्यासोबतच रूढ झाला. या ग्रंथाची त्याला ना मान्यता आहे ना विरोध. रांगेच्या टोकाशी पोचल्यावर विक्रेत्यास वयानुसार ‘अंकल’ किंवा ‘आंटी’ म्हणावे, पदार्थाचे नाव घ्यावे, बोटांनी संख्या दाखवावी आणि बाजूला व्हावे. प्रकृतीची विचारपूस, पदार्थाचा इतिहास आणि घासाघीस या तिन्ही गोष्टी निषिद्ध आहेत.

पेययाचना हा मात्र शास्त्राचा सर्वांत गहन भाग होय. तेथील ‘कोपी’ म्हणजे साखर आणि मार्गारीन घालून काळेकुट्ट भाजलेल्या रोबुस्टा बियांची, कापडी मोज्यासारख्या गाळणीतून उतरवलेली कॉफी. आणि ती मागण्याची भाषा मलय व दक्षिण चीनमधील बोली यांच्या तुकड्यांनी बनली असून तिचे व्याकरण पाणिनीच्या शिष्यासही काही काळ गुंतवून ठेवील असे आहे. नुसते ‘कोपी’ म्हटले असता घट्ट गोड दूध घातलेली कॉफी येते. ‘ओ’ हा प्रत्यय लावल्यास दूध जाऊन साखर उरते. ‘सी’ लावल्यास आटवलेले बिनगोड दूध आणि साखर घातलेली कॉफी येते. साखरेचा निषेध ‘कोसोंग’ने, संकोच ‘स्यू-दाय’ने आणि विस्तार ‘गा-दाय’ने होतो; कडकपणासाठी ‘गाव’, पातळपणासाठी ‘पोह’; आणि बर्फ हवा असल्यास ‘पेंग’ हा प्रत्यय सर्वांच्या शेवटी येतो. अशा रीतीने दुधाचे तीन, साखरेचे चार, कडकपणाचे तीन आणि तापमानाचे दोन विकल्प धरता गणिताने ७२ रूपे सिद्ध होतात, आणि ‘कोपी’च्या जागी चहावाचक ‘ते’ हे पद घातल्यास आणखी तितकीच. अर्थात गोड दुधाची तरीही बिनसाखरेची अशी काही रूपे व्याकरणशुद्ध असली तरी तर्काला सोसत नाहीत. ‘कोपी-सी-स्यू-दाय-पेंग’ हे पद अभ्यासकाने एका श्वासात, शेवटी प्रश्नचिन्ह न लावता म्हणावे, कारण आवाज चढला की पेयवाल्या अंकलना ती शंका वाटते, आणि ते शंकेखोरास नुसती कोपी देऊन मोकळे होतात.

या नियमित रूपांशिवाय काही अनियमित रूपे पाठच करावी लागतात. डब्यावर फुटबॉल खेळणाऱ्याचे चित्र असते म्हणून मायलो या चॉकलेटी पेयास जुने गिऱ्हाईक ‘तात-किउ’, म्हणजे चेंडूला लाथ मारणे, असे म्हणते. ‘मायकेल जॅक्सन’ मागितल्यास पांढऱ्या सोया दुधात काळी जेली तरंगत येते, आणि ‘मायलो डायनोसॉर’ या नावाखाली थंडगार मायलोवर त्याच मायलोच्या कोरड्या भुकटीचा ढीग ओतून दिला जातो, ज्याचे प्रयोजन लहान मुलांस विचारल्यावाचून कळत असते. सकाळच्या कोपीसोबत नारळ, अंडी आणि पांदानची पाने यांपासून केलेल्या ‘काया’ नामक मुरंब्याचा भाजका पाव आणि दोन अर्धकच्ची अंडी घेण्याचा प्रघात आहे. ती अंडी बशीत फोडून, सोया सॉस व पांढरी मिरपूड घालून, बशी ओठांस लावून पिणे हेच शुद्ध मानले जाते, आणि ज्यांना ते पाहवत नाही त्यांनी पावाकडे पाहावे.

पदार्थांच्या बाबतीत नावावर विश्वास ठेवू नये. ‘कॅरट केक’मध्ये गाजर नसते आणि तो केकही नसतो, मुळा व तांदळाच्या पिठाचे वाफवलेले ढोकळे अंड्यात परतून तो होतो, आणि त्याचे काळा व पांढरा असे दोन पंथ आहेत. कातोंग भागातील लाक्सा, म्हणजे नारळाच्या दुधातील तिखट रस्सा-शेवया, यात शेवया आधीच आखूड कापलेल्या असतात, त्यामुळे केवळ चमच्याने जेवण उरकता येते आणि काड्यांनी खाता न येणाऱ्याची प्रतिष्ठा राहते. शाकाहारी अभ्यासकाने निराश होऊ नये: चिनी बौद्ध परंपरेतील शाकाहारी गाळ्यांवर कांदा-लसूणही वर्ज्य असल्यामुळे चातुर्मासाची शिस्त पाळणाऱ्या आजींनाही तेथे नेता येईल, मात्र समोर दिसणारे बदकाचे मांस हे सोयाचे आहे हे त्यांना ताट येण्यापूर्वी सांगावे.

परिसरांपैकी दोनच सविस्तर पाहण्याजोगे आहेत. न्यूटन हे केंद्र त्यांत मोडत नाही, कारण २०१८ च्या ‘क्रेझी रिच एशियन्स’ या चित्रपटात दिसल्यापासून ते पर्यटकांनी इतके भरलेले असते की तेथे पर्यटकांचाच अभ्यास करावा. पहिला परिसर लिटल इंडियातील टेक्का सेंटर, जेथे खाली मासळी-भाजीचा ओला बाजार आणि शेजारीच बिर्याणी, पराठा व ‘इंडियन रोजक’ नामक तळलेल्या पदार्थांची मिसळ यांचे गाळे आहेत. पराठ्यास तेथे ‘प्राता’ म्हणतात व तो मटणाच्या रश्श्याबरोबर किंवा साखरेबरोबर खातात. बाजूच्या रस्त्याचे नाव बफेलो रोड, कारण या भागात एके काळी गुरांचा व्यापार चाले. जवळच्या रेस कोर्स रोडवर माशाच्या डोक्याची आमटी मिळते, जी दक्षिण भारतीय मसाल्यात चिनी गिऱ्हाइकाच्या आवडीचा अवयव शिजवून सिंगापुरातच जन्मास आली. माशाचे डोके पाहून दचकणाऱ्या देशावरच्या अभ्यासकाने अशा वेळी सोबत एखादा मालवणी मनुष्य असू द्यावा. तो गाल कोठे आहे हे सांगेल आणि बहुधा तोच खाईल.

दुसरा परिसर म्हणजे लाव पा सात, ग्लासगोत ओतलेल्या बिडाच्या खांबांचा, १८९४ मध्ये उभारलेला अष्टकोनी बाजार, जो आता उंच बँकांच्या मधोमध उभा आहे. याच्या कडेची बून तात स्ट्रीट संध्याकाळी वाहनांस बंद होते आणि रस्त्यावर टेबले मांडून कोळशावर साते भाजले जाते. साते म्हणजे काडीला टोचलेले मांसाचे तुकडे, सोबत शेंगदाण्याचा रस्सा, काकडी आणि कांदा. राज्यसंस्थेने पंधरा वर्षे खपून जे खाणे रस्त्यावरून छताखाली नेले, तेच येथे रोज संध्याकाळी परवाना घेऊन, वेळापत्रकानुसार, रस्त्यावर परत येते.

भोजनोत्तर ताटपरावर्तन हा या शास्त्रातील एकमेव लिखित विधी आहे. ताटे आपण होऊन मांडणीवर नेऊन ठेवावीत यासाठी अनेक वर्षे मोहिमा झाल्या, भित्तिचित्रे लागली, आवाहने झाली, आणि ताटे टेबलावरच राहिली. अखेर १ सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरांत सक्ती आली, ज्यात प्रथम अपराधास लेखी समज आणि दुसऱ्यास ३०० डॉलरचे प्रायश्चित्त सांगितले आहे. काही सेंटांच्या पाकिटाला ज्या समाजाने कोणत्याही शिक्षेविना कायम मान दिला, त्याच समाजाला ताट उचलण्यासाठी कायदा लागला, या विसंगतीकडे राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांचे लक्ष जावे. हलाल ताटांची मांडणी वेगळी असते, एवढे ध्यानात ठेवून पाटी वाचूनच ताट सोडावे.

याच्या नेमके उलट आचरण पाहायचे असल्यास रॅफल्स हॉटेलच्या लाँग बारमध्ये जावे, जेथे शेंगांची टरफले जमिनीवर टाकण्याची प्रथा आहे आणि अवघ्या शहरात कचरा करण्याचा हा प्रतिष्ठित अधिकार सिंगापूर स्लिंग या गुलाबी पेयाच्या किमतीत मिळतो. हे पेय तेथील मद्यवाटप करणारे न्याम तोंग बून यांनी १९१५ मध्ये सिद्ध केले असे मानतात. त्या एका ग्लासाच्या पैशांत हॉकर सेंटरमध्ये चार माणसे जेवतात, म्हणून तो शेवटच्या दिवशी, उरलेली नाणी संपवण्याचा विचार सोडून दिल्यावरच मागवावा.

अंतिम परीक्षा ड्युरियनची. गेलांग भागातील फळविक्रेत्याकडे हे काटेरी फळ निवडून, तोलून, फोडून मिळते. ते तेथेच बसून, मिळाल्यास प्लास्टिकचे हातमोजे घालून खावे, आणि नंतर त्याच्याच सालीत पाणी ओतून हात व तोंड धुवावे, म्हणजे वास जातो असे जाणते सांगतात. मेट्रोतील निषेधपाटीवर धूम्रपान, खाणेपिणे व ज्वालाग्राही पदार्थ यांच्यापुढे दंडाचे आकडे छापलेले असतात, ड्युरियनच्या चित्रापुढे मात्र आकडा नसतो. यावर भाष्यकारांत दोन पक्ष असून, एकाच्या मते दंड नाही आणि दुसऱ्याच्या मते तो मोजण्यापलीकडचा आहे. निर्णय होईपर्यंत उरलेले फळ घेऊन चालत निघावे. टॅक्सीवाला काच खाली करील, वास घेईल आणि काच वर करील. हॉटेलच्या दारावरही तीच पाटी असते, त्यामुळे शेवटची फोड दाराबाहेरच संपवावी आणि द्वारपाल मराठी किंवा मलय असल्यास त्याला आधी विचारावी.