चौकोनी लाट

"काका, साइन वेव्ह घ्या. थोडा महाग पडेल, पण पंखे कुरकुरणार नाहीत," दुकानदार म्हणाला. मी बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलेला, त्यात जन्म रेवदंड्याच्या किनाऱ्यावर गेलेला. मला हा लाटा शिकवणार! कालनिर्णयच्या पाठीवर माझा हिशेब तयार होता: १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १८०० वॉट-अवर, भार ३०० वॉट, चालणार सहा तास. (चालतो साडेचार. बाकीचं कुठे मुरतं ते फिजिक्सलाच ठाऊक.) स्क्वेअर वेव्हवाला स्वस्तातला इन्व्हर्टर रिक्षात घातला आणि वाचलेल्या पैशांची पापलेटं आणली.

त्याच रात्री वीज गेली. तारेतून येणारी वीज सेकंदाला ५० वेळा अलगद चढते, अलगद उतरते. माझी वीज मात्र माडीवरून उड्या मारत होती. उभ्या जन्मात समुद्राने चौकोनी लाट दाखवली नव्हती, ती मी पैसे मोजून घरात आणली. टीव्ही, वायफाय मुकाट चालले. ते मिळेल ती वीज आत घेऊन आपल्या सोयीने वळवून घेतात. पंख्याच्या मोटारीला तेवढा समजूतदारपणा नसतो. तिन्ही पंखे घुमायला लागले. "भुंगा शिरलाय का हो?" हिने विचारलं.

अशा वेळी मला अफनासी निकितिन आठवतो. वास्को द गामाच्या पाव शतक आधी हा रशियन व्यापारी शेजारच्या चौलला उतरला, सोबत विकायला एक घोडा. त्याचं स्मारक आमच्या गावात शाळेच्या आवारात आहे. इकडे रशियात खपेल असा माल रगड मिळतो, अशी थाप त्याला कुणी तरी मारली होती. तसलं काही मिळालं नाही, हे त्याने चिडून लिहून ठेवलंय. घोडाही जुन्नरच्या खानाने काढून घेतला. परत मिळाला, पण जीव टांगणीला लावून. या माणसाबद्दल मला सख्ख्या भावासारखं वाटतं. फरक इतकाच, की त्याला लोकांनी खोटं सांगितलं होतं. मला दुकानदार खरं सांगत होता.

आठवड्याने फरक भरून साइन वेव्ह आणला. दुकानदार एक अक्षर बोलला नाही, तेच जास्त लागलं.

पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा पंखे गप्प. मध्यरात्री आईची हाक आली, "रहाट का थांबला रे?"

आई ८६ वर्षांची. तिच्या लहानपणी वाडीचं शिंपणं रहाटावर व्हायचं, त्या कुरकुरीतच ती वाढली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने ती वाडी एका दुपारी आडवी केली. नंतरच्या कित्येक दिवसांच्या अंधारातच आम्ही इन्व्हर्टर घ्यायचं ठरवलं. पोफळी पुन्हा लावल्या आहेत. सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. आई रोज विचारते, केवढ्या झाल्या.

सकाळी माळ्यावरचा जुना टेबल फॅन काढून तिच्या खोलीत ठेवला. तो कुठल्याही विजेवर खडखडतो. हिने तेलाची डबी आणली, ती मी लपवून ठेवली आहे.