गेलं! आलं!

आमच्या घरचं वायफाय रोज रात्री आठच्या सुमारास जायचं आणि दोनएक मिनिटांत परत यायचं. मग पुन्हा जायचं, पुन्हा यायचं. कायमचं गेलं असतं तर तक्रार नोंदवून मी मोकळा झालो असतो. पण गेलेलं परत येतं म्हटल्यावर माणसाला वाटू लागतं की ते आपणच आणलं. माझं सगळं अधःपतन त्या दोन मिनिटांत झालं.

पहिल्यांदा गेलं तेव्हा मी राऊटरला टिचकी मारली. आलं. ‘टिचकी मारायची, बास,’ असं मी घरात जाहीर केलं. पुढच्या वेळी टिचक्या मारून बोट दुखलं तरी काही होईना, म्हणून मागची वायर उपसली, तिच्या टोकावर फुंकर घातली आणि परत खुपसली. आलं. त्यानंतर फुंकर हा अधिकृत उपचार ठरला. मग राऊटर उलटा ठेवणं, मोबाइल विमान मोडवर टाकून काढणं, टीव्हीचं बटण बंद करणं असे उपचार वाढत गेले. ज्या उपचाराच्या वेळी दोन मिनिटं भरत, तो गुणकारी ठरे. आई यातलं काहीच करत नसे. मालिकेत सुनेचा हात वर गेला आणि चित्र गोठलं की ती देवघराकडे बघून हात जोडायची. तिला माझ्याइतकंच यश येत होतं आणि वाकावं लागत नव्हतं.

घरची मांडणी सांगतो. टीव्हीखालच्या कपाटात दोन डबे आहेत. भिंतीतून येणारी फायबरची केबल ज्यात शिरते तो ओएनयू, आणि त्याला जोडलेला राऊटर. दिवाळीच्या साफसफाईत मी हे दोन्ही डबे बाहेर काढून पुसले, वायरी सोडवल्या, पुन्हा जोडल्या आणि सगळं कपाटाच्या दाराआड नीट ठेवून दिलं. लुकलुकणारे दिवे दिसेनासे झाले म्हणून बायकोने कौतुक केलं. बायकोचं कौतुक दुर्मीळ असल्यामुळे ते दार नंतर उघडून बघण्याचा प्रश्नच आला नाही. उपचारासाठी उघडायचो, पण तोवर दिवे पुन्हा लागायला सुरुवात झालेली असायची. दिवे लागताहेत म्हणजे यंत्र जिवंत आहे, एवढंच मला कळत होतं.

ऑफिसच्या मीटिंगमध्ये एकदा मी वाक्याच्या मध्यावर, तोंड उघडं आणि एक डोळा मिटलेला, अशा अवस्थेत थिजलो. परत आलो तेव्हा साहेब म्हणाले, “तुमचा मुद्दा पोचला.” कुठला ते मला अजून माहीत नाही. तिथून मी विषयाच्या मुळाशी जायचं ठरवलं. मुळाशी जाणं म्हणजे आमच्याकडे वाचत बसणं.

वाचून ज्ञान खूप मिळालं. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली होती आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली होती. वायफायच्या तंत्रातला एक महत्त्वाचा भाग ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांकडून आला. कृष्णविवरांचे क्षीण संकेत शोधताना केलेलं गणित त्यांना १९९०च्या दशकात इथे उपयोगी पडलं. त्यावरून मला आपलं नारायणगावजवळचं खोडद आठवलं. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना कोट्यवधी प्रकाशवर्षं दुरून आलेली कुजबुज टिपतात. आणि माझ्या हॉलमधलं वायफाय माझ्या मुलीच्या खोलीत पोचत नाही! हे मी जेवताना बोलून दाखवलं. मुलगी म्हणाली, “बाबा, मग तिकडेच राहायला जाऊ या.”

पहिला संशयित सापडला तो स्वयंपाकघरात. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा, आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. त्याच्या दाराच्या फटीतून थोड्या लहरी बाहेर आल्या तरी राऊटरच्या बोलण्यात खोडा घालतात. आमच्याकडे अन्न गरम कधी होतं? रात्री आठला! वायफाय कधी जातं? रात्री आठला! मी मायक्रोवेव्हचा प्लग काढला आणि त्यावर ‘रात्री १० पर्यंत बंद’ अशी चिठ्ठी चिकटवली. बायकोने आमटी गॅसवर गरम केली. ती उकळायच्या आत वायफाय गेलं. चिठ्ठी बायकोने काढली नाही. पाहुण्यांना दाखवायला ठेवली.

दुसरे संशयित शेजारी. मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं, त्यात बिल्डिंगमधली सगळी वायफाय डोंगरांच्या रांगेसकट दिसू लागली. आम्ही पुण्यात राहत असल्याने नावंही तशीच होती. एकाचं ‘स्वतःचं घ्या’, दुसऱ्याचं ‘पासवर्ड विचारू नये’, तिसऱ्याचं नुसतंच ‘नाही’. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनल आहेत, पण ते एकमेकांवर इतके चढलेले असतात की एकमेकांच्या पायात न येणारे तीनच उरतात: १, ६ आणि ११. आमच्या बिल्डिंगमध्ये जवळजवळ सगळे ६ वर होते. मी गुपचूप ११ वर गेलो, आणि तिथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण शोध लागला की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मी सविस्तर निवेदन टाकलं आणि पार्किंगप्रमाणे चॅनलही विंगवार वाटून घ्यावेत असा प्रस्ताव मांडला. सेक्रेटरींनी विचारलं, भाडेकरूंनाही तोच चॅनल मिळणार का? तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं, मेंटेनन्स वाढेल का? दोन दिवसांत अख्खी बिल्डिंग ११ वर आली. मी परत ६ वर गेलो. तिथे आता भरपूर मोकळी जागा होती आणि वायफाय रात्री आठला जात होतं.

त्यानंतर मी अँटेनांकडे वळलो. राऊटरला चार अँटेना. त्या मी पाहिजे त्या खोलीकडे रोखून ठेवल्या होत्या. पुढे वाचनात आलं की अँटेनाच्या टोकातून फारसं काही बाहेर पडत नाही. लहरी तिच्या भोवती मेदूवड्यासारख्या पसरतात आणि अँटेना उभी असते ती वड्याच्या भोकात. म्हणजे मुलीच्या खोलीकडे मी इतके दिवस भोक पाठवत होतो. अँटेना उभ्या केल्या. कपाटाचं दार उघडं ठेवलं. शेजारचं लोखंडी कपाट लहरी अडवतं हे कळल्यावर ते सरकवायचा घाट घातला, त्यात जुन्या साड्यांचं बोचकं अंगावर आलं, कंबर धरली. पाणीही या लहरी शोषतं असं वाचलं तेव्हा मुलीचा मासा त्याच्या काचेच्या पेटीसकट बाल्कनीत गेला. माणसाचं शरीर निम्म्याहून जास्त पाणीच असतं, हे वाचल्यावर मी स्वतः राऊटर आणि बेडरूम यांच्या मधून जाणं बंद केलं. भिंतीच्या कडेने जायचो. आईने बायकोला हळूच विचारलं, “याला घरात काही दिसतं का गं?”

शेवटी राऊटरच्या मागे स्टीलचं ताट उभं केलं. धातूवर आपटून लहरी उलट फिरतात, हे खरंच आहे. मुलीच्या खोलीत सिग्नलची एक काडी वाढली आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या गेल्या. आई म्हणाली, “ताट मांडलंयस, पानात मीठ तरी वाढ.”

यातला प्रत्येक उपाय सिग्नल अशक्त असला तर बरोबर होता. पण सिग्नल अशक्त झाला की मोबाइलच्या यादीत आपलं नाव खाली घसरतं, काड्या कमी होतात. आमचं नाव त्या दोन मिनिटांत यादीतून साफ गायब व्हायचं. ‘स्वतःचं घ्या’ दिसायचं, ‘नाही’ दिसायचं, आम्ही नसायचो. हा फरक रोज डोळ्यांसमोर होता आणि मी कृष्णविवरांबद्दल वाचत होतो.

मग मी टाचणी घेतली. राऊटरच्या मागे एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी दहा सेकंद दाबून धरली की राऊटर जन्माला आला तेव्हा होता तसा होतो. मला हे आध्यात्मिक वाटलं होतं. प्रत्यक्षात त्याच्या पोटातलं ‘पीपीपीओई’ नावाच्या रकान्यातलं युजरनेम आणि पासवर्डही पुसलं गेलं. ते केबलवाल्याच्या माणसाने लाइन घेताना भरलं होतं आणि मी ते कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. आतापर्यंत वायफाय दोन मिनिटं जात होतं, आता ते सबंध शनिवार-रविवार गेलं. केबलवाल्याचं ऑफिस सोमवारपर्यंत बंद. घरात मोबाइलच्या डेटाची शिधावाटप पद्धत सुरू झाली. आईची मालिका पहिल्या क्रमांकावर, माझं ऑफिस शेवटी.

सोमवारी केबलच्या ऑफिसात फोन लागला. पलीकडच्या मुलीने विचारलं, “सर, राऊटर एकदा बंद करून चालू केलात का?” मी तिला वड्यापासून सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “सर, युजरनेम तुमचा मोबाइल नंबर आहे आणि पासवर्ड एक-दोन-तीन-चार.”

ते भरायला राऊटरच्या पानावर गेलो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की हे पान उघडतं, हे मला एव्हाना पाढ्यातल्या बे एके बे इतकं पाठ झालं होतं. संध्याकाळी तिथेच भटकताना ‘सिस्टिम लॉग’ सापडला. राऊटरची दैनंदिनीच. वायफाय जाऊन-येऊन झाल्यावर उघडलेल्या त्या दैनंदिनीत ओळीमागून ओळ १ जानेवारी १९७० अशी तारीख होती. माझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. कुणीतरी आत शिरून तारखा बिघडवल्या असणार, म्हणजे हॅकरच! मी ताबडतोब सोळा अक्षरी पासवर्ड ठेवला, त्यात लहान-मोठी अक्षरं, आकडे, दोन तारका आणि एक टोपी. तो टीव्हीच्या रिमोटने भरायला अर्धा तास लागला. शेवटून दुसऱ्या अक्षरावर वायफाय गेलं.

लॉगचा फोटो मी केबलवाल्याच्या मुलाला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘गंभीर.’ त्याचा लगेच फोन आला. तो बराच वेळ हसत होता, मग म्हणाला, “काका, राऊटरच्या पोटात घड्याळाचा सेल नसतो. चालू झाला की तो १९७० पासून मोजायला सुरू करतो, इंटरनेट मिळालं की खरी वेळ विचारून घेतो. दर वेळी १९७० दिसतंय, म्हणजे दर वेळी तो मरून नव्याने चालू होतोय. पॉवर बघा.”

म्हणजे ‘बंद करून चालू करा’ हा सल्ला आमचा राऊटर रोज रात्री कुणीही न सांगता पाळत होता.

‘पॉवर बघा’ म्हटल्यावर मी वीज कंपनीला दोष दिला, एक्स्टेन्शन बोर्ड बदलला आणि विजेच्या झटक्यांपासून वाचवणारा महागडा बोर्ड आणला. त्यावर लाल दिवा छान लागायचा. राऊटर आठला मरायचा.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा घरी आला. कपाटासमोर उकिडवा बसला, ताट बाजूला ठेवलं, त्याबद्दल काही विचारलं नाही. दोन्ही अ‍ॅडॅप्टर हातात घेऊन मोबाइलच्या उजेडात त्यांच्या पोटावरची बारीक अक्षरं वाचली. दोन्ही काळे, दोन्ही १२ व्होल्टचे, दोघांच्या पिना एकसारख्या. एक दीड अँपिअरचा, एक अर्ध्या अँपिअरचा. दीडचा राऊटरचा, अर्धा ओएनयूचा. दिवाळीत मी ते उलटे लावले होते. ओएनयूला काही त्रास नव्हता, त्याला लागतो तेवढाच करंट तो ओढतो. राऊटरला मात्र १८ वॅटच्या जागी जेमतेम ६ वॅट मिळत होते. दिवसा घरात एखाददुसरा मोबाइल, तेव्हा त्याचं भागायचं. रात्री आठला टीव्ही, मुलीचा लॅपटॉप, माझी मीटिंग, बायकोचा फोन सगळे एकदम मागायला लागले की त्याची गरज आठ-दहा वॅटवर जायची, व्होल्टेज कोसळायचं आणि तो मान टाकायचा. एकदा बंद पडला की ओझं उतरायचं, मग पुन्हा चालू. त्याला लागायची ती दोन मिनिटं. टिचकीची, फुंकरीची आणि आईच्या नमस्काराची.

त्याने पिना बदलल्या. चहा प्यायला. जाताना पैसे घेतले नाहीत. “काका, सर्व्हिस लागली असती तर घेतले असते,” म्हणाला.

त्या रात्री आठ वाजता आम्ही सगळे राऊटरकडे बघत बसलो होतो. काहीच झालं नाही. मासा पेटीसकट परत आत आला, ताट मांडणीत गेलं, मायक्रोवेव्ह सुरू झाला. चिठ्ठी अजून आहे. सोसायटीत मात्र माझं नाव झालं आहे. कुणाचं वायफाय गेलं की मला बोलावतात. मी गंभीर चेहऱ्याने जातो, आधी अँटेना उभ्या करतो, वड्याचं सांगतो, आणि मग सहज केल्यासारखं खाली वाकून अ‍ॅडॅप्टरवरची अक्षरं वाचतो. तेवढ्यात पुष्कळदा आपोआप येतं. मी श्रेय नाकारत नाही.

एक विनंती आहे. साफसफाईच्या वेळी अ‍ॅडॅप्टर सोडवण्याआधी प्रत्येकावर चिकटपट्टी लावून तो कशाचा ते लिहून ठेवा. आमच्या ड्रॉवरमध्ये सध्या ९ व्होल्टचा एक, ५ व्होल्टचे दोन-तीन आणि अक्षरं पुसली गेल्यामुळे कशाचा ते कळत नाही असा एक अ‍ॅडॅप्टर पडून आहे. ज्यांचा असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावा. रात्री आठनंतर आलात तरी चालेल.