नेटवर्कमामा

नांदेड-लातूर पट्ट्यात डाळमिल असो, आडत असो की नीटचे क्लासेस, कॉम्प्युटर अडला की एकच फोन जातो, "मामा, चालंना गेलंय." नेटवर्कमामा नांदेडहून एसटीनं निघतात. लोहा, अहमदपूर, चाकूर, प्रत्येक स्टँडवरून निरोप येतो, "तोवर रिस्टार्ट मारा." आल्या आल्या आधी पाणी मागतात, मग पेन. पाण्याचा तांब्या परत मिळतो.

आमच्या आडतीत रोजच्या पट्ट्या सर्व्हरवर नेऊन ठेवणारी एक बॅच फाइल आहे. डेस्कटॉपवर ठेवली तर पळते, शेअर फोल्डरमधून उघडली की काळी खिडकी चमकून मिटते. मामांनी केबल उपसून परत खोचली. अँटीव्हायरस झोपवला. लाइटीला दोन शिव्या झाल्या. मग शेअरला झेड ड्राइव्ह करून दिला. तेवढ्यात भागलंही असतं, पण मामांना साधं डबलक्लिक कमीपणाचं वाटतं. ते प्रत्येक फाइल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच उघडतात, आणि ॲडमिनिस्ट्रेटरला झेड दिसेना! जोडणी साध्या लॉगिनची, ॲडमिनिस्ट्रेटरची बैठक निराळी. गडी तोच, पण सभापती झाला की गल्ली ओळखत नाही.

शेवटी माझ्या भाच्यानं फाइलच्या तळाशी 'पॉज' लिहिलं. खिडकी थांबली. तिच्यात इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं. पण इंग्रजी दिसलं की एंटर दाबायचं, ही मामांची वीस वर्षांची साधना.

"मामा, यूएनसी पाथ चालत नाही म्हणायलंय."

"मला पहिल्यापासून तेच वाटायलं होतं," मामा म्हणाले.

आमच्या लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात आणि कुठूनही आलेला माणूस पोचतो. या काळ्या खिडकीला मात्र दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा रस्ता दिसला की ती सरळ विंडोजच्या फोल्डरात जाऊन बसते, आणि आमच्या पट्ट्या तिथं शोधते. तिथं कशाच्या पट्ट्या?

मामांनी सगळ्यात वर 'पुशडी' आणि फाइलच्याच जागेचा पत्ता लिहिला. आता झेडपासून मागं जे अक्षर मोकळं असेल ते शेअरला तात्पुरतं मिळतं. भाच्यानं डबलक्लिक केलं. पट्ट्या सर्व्हरवर गेल्या.

"शेवटी पॉपडी लिहायचं असतं," मामा भाच्याला म्हणाले, "घेतलेलं अक्षर परत द्यावं लागतं."

एवढं सांगून त्यांनी माझा पेन खिशाला लावला आणि स्टँडची रिक्षा धरली.