टँकर, तीन हृदयं आणि तिघांचं सरकार

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या जे चाललंय, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. म्हणून फक्त तुम्हालाच सांगते. दार तेवढं लोटून घ्या.

ग्रुपचं नाव 'फक्त महत्त्वाच्या सूचना'. पाणी किती वाजता येणार, लिफ्ट कधी सुरू होणार, कोणाची स्कूटर कोणाच्या पार्किंगमध्ये उभी आहे, एवढ्यासाठी तो काढलेला. परवा सकाळी पावणेआठला पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी साधासुधा प्रश्न विचारला, "टँकर आला का?" त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं उत्तर आलं, "ऑक्टोपसला तीन हृदयं असतात."

मला वाटलं, दुसऱ्या ग्रुपवरचं चुकून इकडे पडलं असेल. कसलं काय! दोन मिनिटांत बी विंगमधल्या वहिनी मैदानात. "तीन पक्षांच्या सरकारसारखं?" काका म्हणाले, "अगदी तसंच. दोन हृदयं कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, तिसरं बाकीच्या शरीराला पुरवतं. आणि ऑक्टोपस पोहायला लागला की ते तिसरं थांबतं." मग जी काय झुंबड उडाली म्हणता! कोणी म्हणे हे महाविकास आघाडीबद्दल, कोणी म्हणे हे महायुतीबद्दल. दोन्हीकडे पक्ष तीन-तीनच, त्यामुळे ऑक्टोपस कोणालाही मापात बसतो. थांबणारं हृदय नेमकं कोणाचं, यावर ए विंग आणि बी विंग असे सरळ दोन तट पडले. तेवढ्यात कॉलेजात जाणाऱ्या एका कार्ट्यानं 'अशी ही बनवाबनवी'तल्या धनंजय मानेंचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "अर्थखातं इथेच राहतं का?" चौदा जणांनी हसून लोळणारे चेहरे पाठवले. त्यात आमचे सेक्रेटरीही होते, जे एरवी ग्रुपवर 'गुड मॉर्निंग' टाकलं तरी दम देतात.

काकू बिचाऱ्या मधूनमधून "पण टँकर?" विचारत होत्या. टँकर सव्वानऊला येऊन, भोंगा वाजवून, निघूनही गेला. वॉचमन सोडून कोणाला पत्ता नाही.

आता बोला!

ही साथ आमच्या आवारापुरती असती तर मी पोटात ठेवली असती. पण चौकशी करावी तिथे हेच. न्यू जर्सीत माझी मावसबहीण राहते. तिच्या मंडळाच्या ग्रुपवर पाडव्याच्या कार्यक्रमाला श्रीखंड कोण आणणार, याची यादी चालली होती. यादी पाचव्या नावावर अडकली, कारण मध्येच पेंग्विन आले. २०२५ च्या एप्रिलमध्ये ट्रम्पसाहेबांनी जगभर आयातशुल्क लावलं, त्यात हर्ड आणि मॅकडोनाल्ड बेटांवरही दहा टक्के. बेटं ऑस्ट्रेलियाची, मुक्कामाला माणूस एक नाही; आहेत ते पेंग्विन आणि सील. मंडळातल्या अर्थतज्ज्ञांनी पेंग्विन नेमकं काय निर्यात करत असतील यावर रात्री दोनपर्यंत काथ्याकूट केला. श्रीखंड शेवटी कोणीच आणलं नाही.

याचं मूळ कुठे, म्हणून मी मागे मागे गेले, तर थेट गुवाहाटीला पोचले. २०२२ चा जून. शिवसेनेतले बंडखोर आमदार तिथल्या हॉटेलात मुक्कामाला, आणि सरकार राहतं की जातं म्हणून अख्खा महाराष्ट्र टीव्हीला चिकटलेला. त्यात सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं एका कार्यकर्त्याशी फोनवर झालेलं बोलणं बाहेर फुटलं. काय झाडी, काय डोंगार, काय हाटील! झालं. पक्षांतरबंदी कायद्याचा कीस पाडायला बसलेली माणसं उठली आणि झाडी बघायला लागली. त्या वाक्यावर गाणी निघाली, रील निघाली. माथेरानला गेलेल्या माणसानं फोटोखाली दुसरं काही लिहिणं त्या पावसाळ्यात शिष्टपणाचं मानलं जात होतं. निसर्ग, राजकारण आणि करमणूक एकाच ताटात, तेही सोलापुरी बोलीत! बापू पडले दुष्काळी तालुक्यातले, डाळिंबाच्या मुलखातले. हिरवागार डोंगर बघून त्यांचा जीव हरखला, तर त्यात खोटं काय? त्याच दिवसांत आसामात महापूर होता आणि लाखो लोक पाण्यात होते. ती बातमी मात्र आमच्या ग्रुपवर कोणी टाकल्याचं मला आठवत नाही. झाडी एवढी दाट होती की पाणी दिसलंच नाही. २०२४ च्या निवडणुकीत बापू पडले. वाक्य अजून निवडून येतंय.

तेव्हापासून ताळतंत्र उरलं नाही. २०२२ च्याच १७ सप्टेंबरला नामिबियातून आठ चित्ते कुनोत आले. पंतप्रधानांनी वाढदिवसाच्या दिवशी ते सोडले, आणि दुपारच्या आत घराघरात चित्ता-तज्ज्ञ तयार झाले. चित्ता डरकाळी फोडत नाही, मांजरासारखा गुरगुरतो आणि पाखरासारखा चिवचिवतो, ही माहिती समर्थकांनी कौतुकानं पाठवली, विरोधकांनी टोमणा म्हणून पाठवली. मजकूर तोच, फक्त खालचे चेहरे वेगळे. पुढे 'बिग बॉस मराठी'त सूरज चव्हाण जिंकला, तेव्हापासून कुठेही नगरसेवक फुटला की त्याचा तो 'गुलीगत धोका' ठरलेलाच. आमच्या आत्याबाईंनी आयुष्यात 'बिग बॉस' पाहिलेलं नाही. पण दूधवाल्यानं अर्धा लिटर कमी घातलं, तर त्याही आता गुलीगतच म्हणतात.

पूर्वी असं नव्हतं हो. पूर्वी राजकारण पारावर, सिनेमा गच्चीवर आणि प्राणी शाळेच्या पुस्तकात. ज्याचं त्यानं आपापल्या खणात राहायचं. असं मी परवा सासऱ्यांना तावातावानं सांगत होते. ते शांतपणे म्हणाले, "आमच्या तरुणपणी काँग्रेसची निशाणी काय होती माहितीये? बैलजोडी. मग आली गाय-वासरू. पंजा १९७८ पासूनचा. आम्ही मतं जनावरांनाच द्यायचो." मी गप्प. त्यांनी वर पंचतंत्र काढलं. निळीच्या पिंपात पडून निळा झालेला तो कोल्हा, जो जंगलाचा राजा होऊन बसतो आणि बाकीचे कोल्हे ओरडायला लागल्यावर स्वतःही ओरडून उघडा पडतो. तो काय प्राणिशास्त्राचा धडा होता? राजपुत्रांना राजकारण शिकवायला सांगितलेल्या गोष्टी त्या. आणि गोष्टीचं राहू द्या. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत खरोखरची भटकी कुत्री निळी होऊन फिरत होती, नदीत सोडलेल्या रंगाच्या सांडपाण्यानं. कोल्हा निदान राजा तरी झाला. कुत्र्यांच्या वाट्याला नुसते फोटो आले.

तेव्हा सरमिसळ जुनी आहे, हे मी मान्य करते. पण मिसळ आणि भेसळ यांत फरक असतो की नाही? माझा खरा संताप तिथे आहे. या सगळ्या गप्पांत नेत्याबद्दल चुकीचं लिहिलं तर त्याचे कार्यकर्ते धावून येतात, नटीबद्दल लिहिलं तर तिचे चाहते. प्राण्यांबद्दल काहीही ठोकून द्या, सरडा काही खुलासा पाठवायला येत नाही.

सरड्याचंच घ्या. कोणी पक्ष बदलला की याची बदनामी. बिचारा म्हणे लपायला रंग बदलतो! रंग बदलण्यात ज्याचा हात कोणी धरणार नाही, त्या शॅमेलिऑनवर जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली संशोधन प्रसिद्ध केलं. त्याच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिक असतात. तो चवताळला की त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि हिरवा प्राणी पिवळा, तांबडा दिसायला लागतो. समोर दुसरा नर आला, मादी आली, की रंग खुलतो. आपल्या कुंपणावरच्या सरड्याचंही विणीच्या दिवसांत डोकं-गळा लालभडक होतात, ते काय लपायला? तो उघड उघड दाखवतो, की हा मी, हे माझं कुंपण. पक्षांतर करणाऱ्यानं एवढं उघडपणे वागून दाखवावं, मग सरड्याचं नाव घ्यावं.

तीच गत पेंग्विनची. २०१६ साली भायखळ्याच्या राणीच्या बागेत दक्षिण कोरियातून आठ हंबोल्ट पेंग्विन आले. त्यावरून एका तरुण नेत्याला विरोधकांनी पेंग्विन म्हणून चिडवायला सुरुवात केली. बर्फातला पक्षी मुंबईच्या उकाड्यात आणला, असा गदारोळ झाला. खर्चावर भांडा, कंत्राटावर भांडा, लोकशाही आहे. पण हंबोल्ट पेंग्विन बर्फातला नव्हेच. तो पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा, जिथे वाळवंट समुद्राला भिडतं. राणीच्या बागेत त्याला सोळा ते अठरा अंश तापमान लागतं. कितीतरी साहेबांच्या केबिनमध्ये एसी तेवढ्यावरच असतो, आणि साहेब कुठल्याही ध्रुवावरून आलेले नसतात.

आणि आता माझं स्वतःचं पाप सांगते, कारण मी काही आभाळातून पडलेली नाही. मागच्या निवडणुकीत आमच्या भागात बाहेरच्या पक्षातून आलेल्याला तिकीट मिळालं. मी रागानं माहेरच्या ग्रुपवर लिहिलं, "कोकिळा गोड गाते आणि अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते!" स्वतःवर खूश होऊन चहा ठेवायला गेले. परत येते तो भाच्याचा निरोप, "मावशी, गातो तो नर. काळा कुळकुळीत. मादी ठिपक्याठिपक्यांची, ती नुसतं किक् किक् करते." मी म्हटलं, अरे, आपण लताबाईंना गानकोकिळा म्हणत आलो! तो म्हणाला, "लताबाईंचं बरोबरच आहे. कोकिळेचं चुकलं." घरातल्या सव्वीस माणसांसमोर माझा पार पोपट झाला.

पण रात्री पडल्या पडल्या विचार केला आणि उठून बसले. भाच्यानं सांगितलेली खरी गोष्ट माझ्या टोमण्यापेक्षा कितीतरी झणझणीत होती! गाणारा वेगळा, अंडं घालणारी वेगळी आणि उबवत बसणारा कावळा तिसराच. आमच्या भागातही तेच नव्हतं का झालं? सभेत गळा काढणारा स्टार प्रचारक एक, तिकीट बाहेरून आलेल्याचं, आणि उन्हातान्हात घरोघरी स्लिपा वाटणारा वीस वर्षांचा जुना निष्ठावंत कार्यकर्ता तिसराच. पक्ष्याला न्याय दिला आणि कार्यकर्त्यालाही मिळाला.

तेव्हापासून मी हाच नियम केलाय, की आधी प्राण्याची खातरी करायची, मग पुढाऱ्याला चिकटवायचा. चौकातल्या फ्लेक्सवर भाऊंच्या मागे सिंह छापलेला असतो ना? सिंह दिवसातले सोळा ते वीस तास झोपून असतो. भाऊंना हे ठाऊक नसावं. वॉर्डातल्या लोकांना उपमा चपखल वाटते. आणि पक्ष बदलणाऱ्यासाठी प्राणी हवाच असेल, तर सरड्याला सोडा आणि ठाण्याच्या खाडीवर या. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात, हजारोंनी. आपण ज्यांना फ्लेमिंगो म्हणतो तेच. रोहितचं पिल्लू जन्मतः करडं असतं. त्याचा तो गुलाबी रंग येतो खाण्यातून, पाण्यातल्या शेवाळातून आणि बारीकसारीक जिवांतून. ज्याचं खाल्लं त्याचा रंग चढला. यावर वेगळा विनोद करायची गरजच नाही, नुसतं वाचून दाखवायचं. परवा मी हे सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका पाच मिनिटं 'टायपिंग' दिसत होते, आणि शेवटी त्यांनी नुसता नमस्कार पाठवला.

तर सांगायचं इतकंच, की हे बंद होणार नाही, आणि सेक्रेटरींनी दम दिला तरी तुम्ही थांबणार नाही. खुशाल बोला. झाडीत पुढारी घाला, पुढाऱ्यात धनंजय माने घाला. फक्त पुढे पाठवायच्या आधी एकदा विचारा, हा प्राणी खरंच असं करतो का? आणि एवढी एक मेहेरबानी करा. काकूंना टँकरचं आधी सांगा, ऑक्टोपसचं नंतर.